बंद अणुवीज प्रकल्पाचा इमर्जन्सी प्लॅन कसा वाचायचा

आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 40 फुटाला गेलं की इशारा, 45 ला धोका हे सांगलीत पोराटोरांना पण पाठ असतंय, हा प्लॅन पण तसाच पातळी बघून वाचायचा. उदाहरण अमेरिकेचं घेऊ.

आधी बघा इंधन कुठाय. चालू प्रकल्पाभोवती साधारण 10 मैलांचा, संकटात लोकांना वाचवायची तयारी ठेवायचा झोन असतो आणि भट्टी कायमची बंद झाली म्हणून तो लगेच उठत नाही, कारण वापरलेलं इंधन पाण्याच्या टाकीत गरमच असतंय, जाळ विझला तरी राखेखालचा निखारा चटका देतोच की.

मग 10 तासांचा आकडा शोधा. टाकीतलं सगळं पाणी गेलं तरी इंधनाचं झिर्कोनियम धातूचं आवरण पेटण्याइतकं तापायला 10 तास तरी लागणार असतील तर गावांसाठीचा वेगळा प्लॅन कमी करायची सूट मिळते, तेवढ्यात पाणी मारता येतं नाहीतर लोकं हलवता येतात असा हिशोब. (2019 च्या पुरात आम्हाला नुसतं सामान माळ्यावर चढवायला अख्खी रात्र पुरली नव्हती, त्यामुळं 10 तास मला जरा कमीच वाटतात.) अमेरिकेच्या अणु नियामक संस्थेच्या (NRC) 2022 च्या प्रस्तावात भट्टी बंद झाल्यापासून इथपर्यंत यायला भट्टीच्या प्रकारानुसार 10 किंवा 16 महिने धरलेत.

पुढं इंधन कोरड्या पिंपात गेलं की प्लॅन आणखी आटतो, आणि सगळं साइटवरून हललं की विषयच मिटला.