स्लॅबच्या आदल्या रात्रीचा निरोप: साइटवरच्या या चुका टाळा

रात्री पावणेअकराला आर्किटेक्टने ग्रुपवर व्हॉइस नोट टाकली: तिसऱ्या मजल्यावरची टॉयलेटची डक्ट (पाइप वर-खाली नेण्याची मोकळी जागा) नऊ इंच सरकवली आहे. त्याखाली लगेच कुणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाचे केक आणि पुष्पगुच्छ. मी नोट निम्मी ऐकली, सकाळी बघू म्हटलं आणि झोपलो. साडेसातला काँक्रीटचा पहिला मिक्सर गेटवर हजर. दुपारपर्यंत स्लॅब भरून झाला, प्लंबरच्या स्लीव्ह, म्हणजे पाइपसाठी स्लॅबमध्ये ठेवायच्या नळ्या, जुन्याच जागी. पुढे कोअर कटिंग, म्हणजे मशीनने स्लॅबला गोल भोक पाडणं, आणि मधे येणारी सळई कापू का म्हणून आरसीसी कन्सल्टंटच्या (स्लॅब-खांबांचं डिझाइन करणाऱ्याच्या) विनवण्या.

सगळं एकाच ग्रुपवर टाकणं

सिमेंटची गाडी आली, उद्या पाणी नाही, हे ग्रुपवर ठीक. चुकलंच तर कुणीतरी फोन करून विचारतं. पण काँक्रीटखाली गेलेली गोष्ट परत काढता येत नाही. म्हणून आता मी एवढंच बघतो: हा निरोप चुकला तर निस्तरायला काय लागेल, एक फोन की ब्रेकर (काँक्रीट फोडायचं यंत्र)? ब्रेकर लागणार असेल, तर ज्याच्या हातून काम होणार त्याला थेट फोन, त्याच्या हातात सुधारित ड्रॉइंग आणि साइटच्या रजिस्टरमध्ये सही. पैशाचा किंवा मुदतीचा विषय असेल तर ईमेल. बिलाच्या वेळी फोनवरचं बोलणं कुणालाच आठवत नाही.

निळी टिक म्हणजे होकार समजणं

टिक सांगते की मेसेज उघडला. बस. ‘समजलं का?’ विचारलं तर ‘हो साहेब’ हेच उत्तर येणार, मीही वरिष्ठांना तेच देतो. त्यापेक्षा ‘भिंतीपासून किती सोडणार?’ विचारा आणि आकडा त्याच्या तोंडून ऐका. त्याहून चांगलं म्हणजे शटरिंगच्या (स्लॅबखालच्या साच्याच्या) प्लायवर त्यालाच खडूने खूण करायला लावा. आमच्याकडे ड्रॉइंग इंग्रजीत, मी मराठीत बोलतो, मुकादम ते हिंदीत सांगतो आणि फिटर (सळई बांधणारे) आपसात बंगालीत बोलतात. एवढ्या हातांतून जाताना आकडा कुठेतरी सांडतोच.

त्यात एककांचा घोळ. ड्रॉइंगवर ११० मिमी, प्लंबरच्या तोंडी ‘चार इंची’. हसू नका. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे मंगळावर पाठवलेलं यान असंच गेलं. एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंड-सेकंदात आकडे देत होतं, दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंद धरून चालली होती. काहीतरी जुळत नाही हे मार्ग आखणाऱ्यांच्या लक्षातही आलं होतं. पण अडचण नोंदवायची जी रीतसर पद्धत होती, ती सोडून विषय ईमेलवर फिरत राहिला.

ड्रॉइंगचा फोटो पाठवणं

व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, झूम केलं की ३ आणि ८ सारखेच दिसतात. पीडीएफ ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फाइलच्या नावातच रिव्हिजन नंबर असू द्या. आणि जुन्या प्रिंट गोळा करा, हे काम कुणीच करत नाही. रिव्हिजन १ ची एक प्रत आम्हाला फिटरच्या शेडमध्ये डब्याखाली अंथरलेली सापडली. तो अजून तिच्यावरूनच माप घेत होता! जुनी प्रत हाती आली की तिच्यावर लाल अक्षरात ‘रद्द’ लिहा.

सोमवारच्या मीटिंगबद्दल फार बोलत नाही, चहा चांगला असतो. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी प्लंबर, इलेक्ट्रिशियन, फिटर आणि मुकादम यांच्यासोबत शटरिंगवर उभ्या उभ्या पंधरा मिनिटं घालवली, तर त्या मीटिंगपेक्षा जास्त काम होतं. सगळ्यांच्या हातात एकच ड्रॉइंग, आणि एकेक स्लीव्ह बोट ठेवून मोजायची.

त्यानंतर रात्री बदल आलाच, तर ग्रुपवर अंगठा दाखवत बसू नका. पहिला फोन आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटला: सकाळची गाडी थांबवा.