हलणारी खुर्ची सरसाने कशी जोडावी

जुनी लाकडी खुर्ची दुरुस्तीला घेतली की आधी उकललेला सांधा उजेडात धरून बघावा. आत काचेसारखा ठिसूळ, तपकिरी थर दिसला आणि ओल्या बोटाने चोळल्यावर तो चिकट झाला, तर तो बहुतेक सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून काढलेला गोंद. अशी खुर्ची पुन्हा सरसानेच जोडावी. नवा गरम सरस जुन्या थराला विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो. बाटलीतल्या पांढऱ्या गोंदाचं तसं नाही. त्याच्या वाळलेल्या थरावर नवं काही नीट धरत नाही, मग लाकूड उघडं पडेपर्यंत खरवडत बसा. आणि खरवडलं की सांधा आणखी सैल. ‘एकदा दुरुस्त झालेली’ खुर्ची हाती आली की माझा अर्धा वेळ आधीच्या माणसाचा गोंद काढण्यातच जातो.

सरस दाणेदार मिळतो आणि त्यावर एक आकडा असतो. ठरावीक प्रमाणात केलेल्या सरसाच्या जेलीत दट्ट्या ४ मिलिमीटर रुतवायला किती ग्रॅम वजन लागतं, तो हा आकडा. आकडा जितका मोठा तितका सरस लवकर थिजतो. फर्निचरला १९२ च्या आसपासचा घ्या. २५१ वगैरे वाद्यं बनवणाऱ्यांसाठी ठीक आहे. नवख्याच्या हातात तो ब्रशवरच थिजेल.

भिजवणं आणि तापवणं

५० ग्रॅम दाण्यांवर ९० ग्रॅम थंड पाणी ओता आणि लगेच ढवळा, नाहीतर तळाशी ढेप बसते. बारीक दाणे तासा-दोन तासांत फुगतात, जाड असतील तर रात्रभर ठेवा. मग ते भांडं गरम पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात बसवून तापवा. सरस ६० अंश सेल्सिअसच्या आसपास राहायला हवा. थर्मामीटर घालूनच ठेवा, अंदाजावर जाऊ नका. मी एकदा फोनवर बोलत राहिलो आणि सरस उकळला. दिसायला ठीक होता म्हणून तसाच वापरला. काही आठवड्यांत ड्रॉवरची पुढची फळी मूठ ओढल्याबरोबर हातात आली. जास्त उष्णतेने सरसाची ताकद जाते, आणि ती वरून कळत नाही.

ब्रश वर उचलला की सरसाची सलग धार पडावी. थेंब थेंब पडला तर पातळ आहे, गोळे पडले तर घट्ट. दुसरी परीक्षा बोटांची. एक थेंब अंगठा आणि तर्जनीमध्ये घेऊन चोळत राहा. आधी नुसता बुळबुळीत लागतो, थोड्याच वेळात बोटं एकमेकांना धरू लागतात, आणि ती सोडवली की मध्ये बारीक तंतू ताणले जातात. हा ताण आला नाही तर तो सरस टाकून द्या. भांड्यावर साय धरली असेल तर ती काढा, आणि आटून घट्ट झाला असेल तर थोडं गरम पाणी घाला.

जोडणं

सरस लावायच्या आधी सगळी खुर्ची कोरडीच एकदा जोडून बघा. कुठला दांडा कुठल्या भोकात, कुठला क्लॅम्प कुठे, मोगरी कुठल्या हाताशी, सगळं ठरलेलं हवं. गरम सरस लाकडाला लागल्यावर तुमच्याकडे जेमतेम मिनिटभर असतं. बहुतेकांचा सरस इथेच फसतो आणि दोष मात्र सरसाला मिळतो. वेळ वाढवायला खोली उबदार ठेवा आणि सांध्यावर हेअर ड्रायर फिरवून लाकूड कोमट करून घ्या. तरीही पुरत नसेल तर सरसात थोडा युरिया मिसळा, कोरड्या दाण्यांच्या वजनाच्या दहाव्या भागाइतका. थिजणं लांबतं.

आता भोकात आणि दांड्यावर, दोन्हीकडे सरस लावा, दांडा बसवा, क्लॅम्प आवळा, रात्रभर हात लावू नका. बाहेर आलेला सरस जेलीसारखा झाला की पटाशीने अलगद सोलला जातो. उरलेला गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा.

दांडा भोकात खुळखुळत असेल तर जास्त सरस ओतून उपयोग नाही, जाड थर वाळून तडकतो. रंध्याची पातळ साल दांड्याभोवती सरसानेच चिकटवा, वाळू द्या, मग घासून बेताची करा.

सांधा सोडवायचा असेल तेव्हा

सरसाचं खरं मोल इथे कळतं. सांध्यावर गरम ओलं फडकं धरा, पाणी आत झिरपू द्या, पातळ पातं हळूहळू सरकवा. घाई करू नका, सांधा सुटायला वेळ घेतो. दुसरा मार्ग स्पिरिटचा. सिरिंजने चार थेंब आत सोडले की सरसातलं पाणी ओढलं जातं, तो ठिसूळ होतो आणि मोगरीच्या हलक्या ठोक्याने सांधा उकलतो. मात्र वर शेलॅकचं पॉलिश असेल तर स्पिरिट ते विरघळवतं, म्हणून थेंब सांध्याच्या आतच पडू द्या.

पाण्याने सुटणारा गोंद पावसात टिकणार नाही, हे उघड आहे. बागेतला बाक किंवा न्हाणीघरातलं कपाट याला सरस लावू नका.

सरस काचेच्या बरणीत वाळू देऊ नका. वाळताना तो इतका आकसतो की काचेचे टवके ओढून काढतो. नक्षीची काच याच युक्तीने करतात. उरलेला सरस बर्फाच्या प्लास्टिक ट्रेमध्ये ओतून फ्रीजरमध्ये ठेवा आणि पुढच्या खेपेला लागेल तेवढीच वडी काढून तापवा. बुरशी आली किंवा कुबट वास मारू लागला, तर मात्र सरळ टाकून द्या.