पोलिसांच्या हातून मृत्यू: सरकारी वकील ढिला पडला तर काय करायचं

कोठडीत, तुरुंगात किंवा चकमकीत माणूस गेला की घरच्यांचा सगळा राग पोलिसांवर असतो, आणि तो रास्तच आहे. पण खटला बऱ्याचदा बुडतो तो पुढे, सरकारी वकिलाच्या हातात. रोज ज्यांच्याबरोबर काम, त्याच खात्यातल्या माणसांविरुद्ध त्याला उभं राहायचं असतं. महत्त्वाचा साक्षीदार बोलावलाच नाही, फितूर झालेल्याचा उलटतपास मागितला नाही, दोषमुक्तीच्या, म्हणजे खटला न चालवताच सोडण्याच्या, अर्जाला चार ओळींत उत्तर देऊन टाकलं. निकालानंतर या गोष्टी सिद्ध करणं फार अवघड, कारण त्या कुठे लिहिलेल्याच नसतात. म्हणून तक्रारीचे कागद पहिल्या तारखेपासूनच जमवायला लागा.

खाली दिलेली कलमं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची, म्हणजे 1 जुलै 2024 पासूनची आहेत. जुन्या खटल्यांसाठी त्यांची जुळणारी कलमं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मिळतील, पण कलम 218 ची 120 दिवसांची मुदत आणि कलम 230 व 360 मधले पीडिताचे हक्क तिथे नाहीत.

आधी हद्द पाहा. नवी मुंबई पोलीस आयुक्तालय एकच असलं तरी न्यायालयं दोन जिल्ह्यांत विभागली आहेत. वाशी, तुर्भे, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. पनवेल, खारघर आणि तळोजा तुरुंग रायगडमध्ये. तळोजा तुरुंगातल्या मृत्यूबद्दल ठाण्याच्या सरकारी वकिलांकडे केलेली तक्रार नुसती फिरत राहते. दुसरं, समोरचा वकील नेमका कोण? दंडाधिकारी न्यायालयातला सहायक सरकारी अभियोक्ता पगारी नोकर असतो. त्याच्यावर गृह विभागाखालचं अभियोग संचालनालय. सत्र न्यायालयातले जिल्हा सरकारी वकील आणि अतिरिक्त सरकारी वकील विधी व न्याय विभाग नेमतो. तक्रार कुठे जाणार ते यावर ठरतं.

मग आपला वकील उभा करा. कलम 18(8) च्या परंतुकानुसार सरकार पक्षाला साहाय्य करायला पीडिताला, म्हणजे इथे मृताच्या वारसांना, आपल्या पसंतीचा वकील देता येतो, त्यासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. वकीलपत्र लवकर दाखल करण्याचं आणखी एक कारण आहे: कलम 230 प्रमाणे दोषारोपपत्राच्या मोफत प्रती आरोपीसारख्याच पीडितालाही मिळतात, पण त्याच्यातर्फे वकील असेल तरच. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे अर्ज आई, पत्नी किंवा बहिणीच्या नावाने दिलेला बरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला न्यायालयात काय झालं त्याची नोंद. प्रत्येक तारखेनंतर त्याच्या नकलेसाठी अर्ज द्या. 'साक्षीदार हजर, सरकार पक्षाने मुदत मागितली' अशा तीन नोंदी एकाखाली एक आल्या की तक्रारीला पुरावा लागत नाही, तोच पुरावा. रोजनाम्यात न आलेली गोष्ट घडली असेल तर त्याच दिवशी वकिलामार्फत पुरशिस, म्हणजे न्यायालयाला दिलेलं लेखी निवेदन, द्या. मजकूर कोरडा ठेवा: 'साक्षीदार क्र. 4 ने आज सरतपासात पोलिसांना ओळखत नसल्याचे सांगितले. तपासातील जबाबात त्याने त्यांना ओळखले होते. सरकारी वकिलांनी त्याचा उलटतपास घेण्याची परवानगी मागितलेली नाही.' या पुरशिसवर निशाणी क्रमांक, म्हणजे खटल्याच्या कागदपत्रांतला नोंद क्रमांक, पडतो. दोन वर्षांनी उच्च न्यायालयात कामी येतो तो हाच क्रमांक.

इथे एक चूक नेहमी होते. फिर्यादीचा वकील तावातावाने उठतो आणि स्वतःच साक्षीदाराला प्रश्न विचारू लागतो. रेखा मुरारका प्रकरणात (2019) सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारलं आहे, त्यामुळे बचाव पक्ष तेच पुढे करतो आणि मुद्दा तिथेच संपतो. त्याऐवजी प्रश्नांची यादी आदल्या दिवशी सरकारी वकिलाला लेखी द्या आणि पोच घ्या. त्याने प्रश्न विचारले नाहीत तर तीच यादी पोचेसह न्यायाधीशांपुढे ठेवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 168 खाली न्यायाधीश स्वतः प्रश्न विचारू शकतात. वगळलेल्या साक्षीदाराला बोलावण्यासाठी कलम 348 चा अर्ज करा.

सरकारी वकिलाला लेखी काय विचारायचं? पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निर्देशांप्रमाणे चकमकीतल्या मृत्यूचं शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी, चित्रीकरणासह केलं का आणि ते चित्रीकरण पुराव्यात आहे का? कलम 196 खालच्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल दाखल झाला का? पोलीस ठाण्याचं सीसीटीव्ही चित्रण कुठे आहे? सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ते 18 महिने जपायला सांगितलं, निदान वर्षभर तरी. त्यामुळे ही मागणी पहिल्याच आठवड्यात करा. पोलिसांवर खटला चालवायला लागणाऱ्या सरकारी मंजुरीचा प्रस्ताव कोणत्या तारखेला पाठवला? कलम 218 प्रमाणे सरकारने 120 दिवसांत निर्णय दिला नाही तर मंजुरी मिळाल्याचं धरलं जातं, पण दिवस मोजायला जावक क्रमांक आणि तारीख हवी. माहिती अधिकारात तेवढंच मागा. अख्खी फाइल मागितली तर तपासाचं कारण देऊन नकार येतो.

तक्रार एका पानाची करा: तारीख, कर्तव्य काय होतं, घडलं काय, निशाणी क्रमांक. 'वकील विकला गेला' असं पुराव्याशिवाय लिहू नका. मग चर्चा त्याच्या अब्रूची होते, तुमच्या माणसाच्या मृत्यूची नाही. पैसे मागितले असतील तर देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला 1064 वर कळवा. व्यवसायातल्या गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे होते, मात्र तिथून खटला सावरत नाही. खटला वाचवायचा असेल तर विशेष सरकारी वकिलासाठी विधी व न्याय विभागाकडे अर्ज करा, आणि उत्तर आलं नाही तर उच्च न्यायालयात जा. गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी प्रकरणात सरकारी वकिलाच्या वागण्यावर ताशेरे ओढूनच सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये फेरखटला महाराष्ट्रात आणला होता. सरकार खटला मागे घेऊ लागलं तर कलम 360 प्रमाणे पीडिताला ऐकल्याशिवाय न्यायालय परवानगी देऊ शकत नाही.

साक्षीदार घाबरला असेल तर 2018 च्या साक्षीदार संरक्षण योजनेत अर्ज करा. जिल्ह्याच्या समितीचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात, पण सदस्य सचिव जिल्ह्यातल्या अभियोग विभागाचाच प्रमुख. तुमची तक्रार त्याच कार्यालयाविरुद्ध असेल तर एक प्रत थेट अध्यक्षांच्या नावाने द्या. हा भाग हलका घेऊ नका. 2006 मध्ये पोलिसांनी वाशीतून उचलून बनावट चकमकीत मारलेल्या लखनभैयाच्या खटल्यातला प्रत्यक्षदर्शी 2011 मध्ये साक्षीच्या काही दिवस आधी बेपत्ता झाला, आणि नंतर त्याचा मृतदेहच सापडला.

आरोपी सुटले तर किशनभाई प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा 7 जानेवारी 2014 चा निकाल जोडून अर्ज करा. प्रत्येक निर्दोष सुटकेनंतर तपास अधिकारी आणि सरकारी वकील यांच्या चुका तपासून जबाबदारी ठरवणारी यंत्रणा राज्याने उभारावी, असा तो आदेश आहे. या अर्जात रोजनामा, पुरशिस आणि पोच लावलेली प्रश्नांची यादी कामाला येते. सरकारी अपिलाची वाट मात्र पाहत बसू नका. कलम 413 च्या परंतुकाने पीडिताला स्वतंत्र अपील आहे. लखनभैया प्रकरणात 2013 मध्ये सुटलेल्या पोलीस अधिकाऱ्याला उच्च न्यायालयाने 19 मार्च 2024 रोजी जन्मठेप दिली, तेव्हा राज्याच्या अपिलाबरोबर मृताच्या भावाचंही अपील समोर होतं. निकालपत्राच्या नकलेचा अर्ज निकालाच्याच दिवशी द्या. नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वगळले जातात, पण अर्ज दिल्यापासूनचेच.