पावसाळ्यात बाळाला जुलाब झाल्यास
कृष्णेला पूर आला की सांगलीच्या नदीकाठच्या वस्त्यांत पिण्याचे पाणी दूषित होण्याची भीती असते आणि त्याचा पहिला त्रास लहान मुलांना होतो. जुलाबात खरा धोका अंगातले पाणी व क्षार निघून जाण्याचा असल्यामुळे पहिल्या पातळ शौचापासूनच ओआरएस, म्हणजे क्षार व साखरेच्या पुडीचे द्रावण, सुरू करावे. १ लिटरची पुडी उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावी, कारण अंदाजाने थोडीथोडी घातल्यास क्षारांचे प्रमाण बिघडते. उरलेले द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे. २ वर्षांखालील बाळाला प्रत्येक शौचानंतर पाव ते अर्धा कप चमच्याने पाजावे आणि उलटी झाल्यास १० मिनिटे थांबून पुन्हा, अधिक सावकाश द्यावे. अंगावरचे दूध मुळीच थांबवू नये. पोटाला विश्रांती म्हणून वरणभात खाणाऱ्या मुलाला उपाशी ठेवण्याची आपल्याकडची पद्धत मला फार घातक वाटते. सोबत झिंकच्या गोळ्या, ६ महिन्यांवरील बाळाला रोज २० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्याव्यात. त्यासाठी आशाताईंना, म्हणजे वस्तीतल्या आरोग्य कार्यकर्तीला, विचारावे. शौचात रक्त दिसले, डोळे खोल गेले, मूल मलूल झाले किंवा पिईनासे झाले, तर त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.