पातं हाडात रुतलंय? आधी हात आवरा

उसाचा हंगाम लागला की निपाणी-चिकोडीपासून अथणीपर्यंत कोयते चालू होतात. कोयत्याचा घाव उघडा दिसतो, म्हणून माणसं घाबरून दवाखाना गाठतात. घात करतो तो सुऱ्याच्या टोकाचा वार. वर बोटभर फट, आत थेट हाड.

पहिली चूक जागेवरच होते: पातं उपसणं. रुतलेलं पातं बऱ्याचदा फाटलेल्या रक्तवाहिनीवर बुचासारखं बसलेलं असतं. ओढलं की धार लागते, हलवलं तर टोक हाडातच मोडतं. दोन्ही बाजूंना कापडाच्या घड्या लावून ते हलणार नाही असं बांधा आणि 108 ला फोन करा. पातं नसेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. दर मिनिटाला उचलून बघू नका. हळद, चुना, कॉफीपूड नको. निपाणीच्या माणसाला खिशातली तंबाखू आठवते, तीही नको. नंतर सर्जनला ती जखमेतून वेचत बसावी लागते. चहाही पाजू नका, भूल द्यायची असते.

‘आधी पोलिसांत जाऊन या’ म्हणणारे भेटतातच. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1989 सालीच निकाल दिलाय: उपचार आधी, कागद मागून. खानापूरच्या आतल्या गावातून बेळगाव गाठेपर्यंतच वेळ जातो, त्यात ही भर कशाला?

दवाखान्यातली मोठी चूक म्हणजे वरवर दोन टाके घालून घरी पाठवणं. हाड दुखावलेली जखम उघड्या फ्रॅक्चरसारखीच, म्हणजे मोडलेलं हाड जखमेतून उघडं पडल्यासारखीच धरायची: शक्यतो तासाभरात अँटिबायोटिक, धनुर्वाताचं इंजेक्शन, दोन बाजूंनी एक्स-रे. लोखंडाचं टोक त्यात दिसतं, बांबूची चीप सहसा दिसत नाही. लोखंड आत असेल तर एमआरआय नाही. नाडी लागते म्हणजे रक्तवाहिनी शाबूत, असंही नव्हे. शंका आली तर सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारं सीटी स्कॅन. पातं निघतं ते ऑपरेशन थिएटरमध्येच, रक्तवाहिनी आधी ताब्यात घेऊन, गेलं त्याच वाटेने सरळ. पिळायचं नाही. फारच घट्ट असेल तर भोवतालचं हाड थोडं कोरतात. मग मेलेलं मांस काढून सलाइनने भरपूर धुणं. घाण जखम मुद्दाम उघडी ठेवतात. टाके का नाहीत म्हणून डॉक्टरांशी भांडू नका.

भरलेली जखम काही महिन्यांनी पुन्हा वाहू लागली तर मलम लावत बसू नका. आत टोक राहिलेलं असतं, नाहीतर हाड सडत असतं. जुना एक्स-रे पिशवीत घालून हाडांच्या डॉक्टरांकडे जा.