किनाऱ्यावर राहायला जाणाऱ्या प्रस्तरारोहकांनो, या चुका टाळा

डोंगरातल्या कड्यांवर घडलेला आरोहक समुद्राकाठी राहायला गेला की ताकद, तंत्र, हिंमत सगळं सोबत नेतो. सवयीही सोबत नेतो, आणि गडबड तिथेच होते. किनाऱ्यापासून दूर, आतल्या भागात, दोर अडकवायला खडकात बसवलेला बोल्ट चकचकीत दिसला की आपण त्यावर विसंबतो. पाऊस थांबून दोन दिवस झाले की कडा कोरडा धरतो. चढणं जमलं नाही तर खाली उतरून घरी जातो. समुद्रकड्यावर या तिन्ही गोष्टी चालतीलच असं नाही. खाली दिलेल्या चुका नवख्यांपेक्षा अनुभवी लोकच जास्त करतात, म्हणून त्या जरा खोलात सांगतो आहोत.

चकचकीत बोल्ट म्हणजे पक्का बोल्ट, असं समजणं

झिंकचा मुलामा दिलेला साधा पोलादी बोल्ट खाऱ्या हवेत लालसर होतो, खडकावर गंजाचे ओघळ सोडतो. तो धोकादायक असतो, पण निदान दिसतो तरी. खरी भीती स्टेनलेस स्टीलची आहे. ३०४ आणि ३१६ या नेहमीच्या प्रतींमध्ये मिठातलं क्लोराइड आणि सततचा ताण एकत्र आले की धातूच्या आत बारीक, फांद्या फुटल्यासारखे तडे जातात. उष्ण हवेत हे आणखी लवकर होतं. ताण यायला कुणी पडावंच लागतं असं नाही. नट आवळताना बोल्टमध्ये आलेला ताण कायम तिथेच असतो, आणि पत्रा वाकवून हँगर (बोल्टवरची, दोराची कडी अडकवायची पट्टी) बनवताना त्यात राहिलेला ताणही पुरेसा होतो. तडे बहुतेक वेळा हँगरच्या मागे किंवा भोकाच्या आत असतात. बाहेरून बोल्ट जवळपास नवा दिसतो आणि नुसत्या शरीराच्या वजनाने तुटू शकतो. थायलंडमध्ये रेले आणि टोनसाईच्या चुनखडीवर आणि कॅरिबियनमधल्या केमन ब्राकवर हे घडलं, म्हणूनच तिथे टायटॅनियमचे, गोंदाने बसवलेले बोल्ट आले. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या, म्हणजे यूआयएएच्या, अँकरसाठीच्या (खडकातल्या आधारांसाठीच्या) १२३ क्रमांकाच्या मानकात आता गंजाला दाद न देण्याच्या क्षमतेनुसार वर्ग पाडलेले आहेत. समुद्रकड्यासाठी टायटॅनियम किंवा खास उच्च मिश्रधातूचं स्टीलच धरावं, हे आमचं ठाम मत आहे.

नव्या कड्यावर पहिल्याच दिवशी लीड करण्याआधी, म्हणजे दोर खालून वर नेत सर्वांत पुढे चढण्याआधी, एवढं करा. तिथल्या बोल्टची देखभाल कोण करतं ते शोधा आणि त्यांना दोनच गोष्टी विचारा: धातू कोणता आणि बसवले कोणत्या साली. मग हँगरवरचा शिक्का वाचा. नटावर ए२ असेल तर साधारण ३०४ च्या जातीचं स्टील, ए४ असेल तर ३१६ च्या जातीचं. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. ते घट्ट चिकटलं तर बहुधा साधं पोलाद आहे. टायटॅनियमला ते चिकटत नाही, पण स्टेनलेसलाही फारसं चिकटत नाही, त्यामुळे चुंबकावरून टायटॅनियम ओळखता येत नाही. हँगर जिथे खडकाला टेकतो तिथे तपकिरी कडं दिसतंय का, वाकलेल्या कोपऱ्यावर केसासारखी रेघ आहे का, ते नाक लावून बघा. हँगर स्टेनलेसचा आणि बोल्ट साध्या पोलादाचा अशी जोडी दिसली तर पोलाद आणखी झपाट्याने खाल्लं जातं, म्हणून ती जोडी बादच धरा.

बोल्ट ओढून बघितल्याने काहीच सिद्ध होत नाही. हँगर सैल फिरत असेल तर पाना लावून आवळू नका. संशयास्पद बोल्टमध्ये ताण वाढवला तर तो हातातच तुटू शकतो. खूण लक्षात ठेवा, देखभाल करणाऱ्यांना कळवा आणि दुसरा मार्ग चढा. अँकर नेहमी दोन स्वतंत्र बिंदूंचा घ्या. शक्य असेल तिथे नट (फटीत अडकवायची धातूची पाचर), कॅम (फटीत पसरून बसणारं उपकरण) किंवा खडकाच्या आरपार भोकातून ओवलेली स्लिंग (मजबूत पट्टीचा फास) असा तिसरा बिंदू स्वतःचा जोडा. जुन्या मेखांचं डोकं शाबूत दिसतं आणि फटीतला भाग कुजलेला असतो. कड्यावर बांधून ठेवलेल्या जुन्या स्लिंगा उन्हाने आणि मिठाने गेलेल्या असतात. या दोन्हींवर जीव टांगू नका.

सामान धुवायचं उद्यावर टाकणं

कॅराबिनरचं, म्हणजे दोर अडकवायच्या उघडमिट होणाऱ्या कडीचं, ॲल्युमिनियम वरच्या ॲनोडाइज्ड (मुद्दाम चढवलेल्या ऑक्साइडच्या) थरामुळे टिकतं, आणि दोर घासून घासून नेमका तोच थर जातो. मग उघड्या धातूवर पांढरी भुकटी धरते, खाली बारीक खड्डे पडतात. समुद्रावरून आल्यावर सामान रात्रभर बॅगेत राहिलं की हे सुरू झालंच समजा. लाट अंगावर आली नसली तरी फरक पडत नाही, वाऱ्यातलं मीठ पुरेसं असतं.

बादलीभर कोमट गोडं पाणी घ्या. कॅराबिनर पाण्याखाली धरून गेट अनेकदा उघड-बंद करा, म्हणजे बिजागरीत पाणी खेळतं. कॅमचे ट्रिगरही (फिरते पाळे मिटवायची पट्टी) पाण्यातच ओढा-सोडा. पाणी एकदा बदला. कापडाने पुसून सावलीत, हवेशीर जागी वाळवा. पूर्ण वाळल्यावर बिजागरीत आणि कॅमच्या आसावर मेणाचं किंवा टेफ्लॉनचं कोरडं वंगण एक-एक थेंब सोडा आणि जादा पुसून टाका. साधं तेल वाळू धरून ठेवतं. वंगण स्लिंगला लागू देऊ नका.

तरी अडचण राहिलीच तर लक्षण ओळखून वागा. गेट रेंगाळत बंद होतं, तर बिजागरीत मीठ आहे: पुन्हा कोमट पाणी, मऊ ब्रश, वंगण. एवढं करूनही गेट आपोआप पूर्ण मिटत नसेल तर कॅराबिनर मोडीत काढा. खड्ड्यात नख अडकत असेल तरीही तेच. कॅमचे पाळे वेगवेगळ्या वेगाने परत येतात, तर आसात वाळू आहे. कॅमची तार तुटून केसासारखी बाहेर आली असेल तर ती वाकवून आत खुपसू नका, कॅम दुरुस्तीला द्या. दोर कडक झाला, हाताला चिकट लागतोय, तर आवरणात मीठ साठलंय. ३० अंशांपर्यंतच्या पाण्यात, ब्लीच न घालता, पाणी निवळ येईपर्यंत धुवा आणि सावलीत मोकळ्या वेटोळ्यात सुकवा. ओला नायलॉन झटका कमी सोसतो, म्हणून पाण्यात पडलेला दोर त्याच दिवशी लीडला वापरू नका.

घरात सामान कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. गाडीच्या डिकीत उष्णता आणि मीठ दोन्ही असतं. बंद पेटी आणि सिलिका जेल चांगलं, पण सामान आधी पूर्ण वाळलेलं हवं, नाहीतर ओल आत कोंडली जाते.

भरती-ओहोटी न बघता घर ठरवणं

कडा दहा मिनिटांवर आहे म्हणून घर घेतलं आणि नंतर कळलं की पायथा फक्त ओहोटीच्या आगेमागे दोन तास उघडा असतो. ही चूक महाग पडते. बहुतेक किनाऱ्यांवर दोन ओहोट्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आठवड्यातून एकच सुट्टी असेल तर तिच्या दिवशी ओहोटी कधी पहाटे, कधी रात्री येणार.

यात एक बारकी गोष्ट फार कमी लोक बघतात. अमावास्या-पौर्णिमेनंतर येणाऱ्या उधाणाला पाणी सर्वांत जास्त खाली जातं, आणि अशा किनाऱ्यांवर एका ठिकाणी उधाणाची ही ओहोटी घड्याळाच्या जवळपास ठरलेल्या वेळेलाच येते. ती भर दुपारी येत असेल तर पायथ्याचे सगळे मार्ग दिवसाउजेडी मिळतात. सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास येत असेल तर तेच मार्ग वर्षातला बराच काळ अंधुक उजेडात सापडतात. त्या जागेचं वर्षभराचं भरतीचं कोष्टक घ्या आणि उधाणाच्या दिवशी ओहोटी किती वाजता आहे तेवढं पाहा. भांगाच्या भरतीला पाणी फार चढतही नाही आणि उतरतही नाही, तेव्हा कोणते मार्ग उघडे राहतात तेही स्थानिक आरोहकांना विचारा. भूमध्य समुद्रासारख्या ठिकाणी भरतीतला फरक फारच थोडा असतो. तिथे हा सगळा हिशेब सोडून लाटांकडे लक्ष द्या.

पाणी एकसारखं चढत नाही. सहा तासांची भरती धरली तर बारापैकी एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे भाग तासातासाला भरतात. फरक ६ मीटरचा असेल तर मधल्या दोन तासांत ३ मीटर पाणी चढतं. पहिल्या तासात काही हललं नाही म्हणून निवांत बसलेले लोक तिसऱ्या तासात अडकतात.

घर आधी भाड्याने घ्या, आणि पाहणीला सर्वांत वाईट ऋतूत जा. चांगल्या ऋतूत कुठलाही किनारा सुंदरच दिसतो.

ओलावा ओळखता न येणं

साध्या मिठाचा थर सुमारे ७५ टक्क्यांहून जास्त सापेक्ष आर्द्रतेत हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतो. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते याहूनही कोरड्या हवेत ओले राहतात. म्हणून आठवडाभर पाऊस नसला, ऊन असलं, तरी सकाळी आणि तिन्हीसांजेला होल्ड (हातापायाची पकड घ्यायच्या जागा) बुळबुळीत लागतात. अशा वेळी चॉक (हात कोरडे ठेवायची पांढरी पूड) ओतत राहिलात तर त्याचा लगदा होतो आणि घसरण वाढते. महत्त्वाचे होल्ड गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, कोरड्या फडक्याने टिपा, मग थोडाच चॉक लावा. होल्ड वाळवायला आगीची ज्योत कधीही लावू नका, खडक तडकतो.

हवामान पाहताना तापमानापेक्षा दवबिंदू, आर्द्रता आणि वारा बघा. खडक दवबिंदूपेक्षा थंड असला की त्यावर दव धरणारच. मतलई वारे जमिनीवरून येतात आणि सहसा कोरडे असतात. खारे वारे मीठ आणतात, पण घामही वाळवतात. कड्यावर तासभर ऊन पडून गेल्यावर, हलका वारा असताना येणारी सावली आम्हाला सर्वांत भरवशाची वाटते. वालुकाश्म ओला असेल तर चढूच नका. तो भिजल्यावर कमकुवत होतो, होल्ड तुटतात आणि मार्ग कायमचा बिघडतो. मिठाने पोखरलेल्या, जाळीदार खडकाचंही तसंच आहे, त्यातले पातळ कंगोरे ओढण्याआधी ठोकून आवाज ऐका.

परतीची वाट न ठरवता रॅपल करणं

बऱ्याच समुद्रकड्यांवर वरून दोराने खाली उतरायचं (रॅपल करायचं) असतं, आणि बाहेर पडायचा मार्ग म्हणजे चढायचा मार्ग. तो जमला नाही तर? म्हणून रॅपलचा स्टॅटिक (फारसा न ताणणारा) दोर काढून न घेता तसाच लावून ठेवा, धारेवर घासतो तिथे संरक्षक पट्टी घाला, आणि प्रत्येकाच्या हार्नेसवर (कमरेच्या पट्ट्यावर) दोरावरून वर येण्यासाठी दोन प्रुसिक (दोरावर आवळणारे दोरीचे फास) किंवा जुमार (दोरावर पकड घेत वर सरकणारे चाप) असू द्या. ते वापरता येतात का, हे घराजवळच्या झाडावर तपासा, कड्याखाली नाही. हेडलॅम्पही हवाच.

दोर खाली भिरकावला तर लाट तो खडकांत गुंफते. पिशवीत भरून हार्नेसला लटकवा आणि उतरता उतरता सोडा. टोकाला गाठ मारलेली असू द्या.

उतरण्यापूर्वी वरून अर्धा तास समुद्र पाहा. मोठ्या लाटा झुंडीने येतात आणि मध्ये बराच वेळ शांतता असते. लाटेची उंची वाचून भागत नाही, दोन लाटांमधला काळही वाचा: दीड मीटरची लाट ६ सेकंदांनी येते तेव्हा आणि १५ सेकंदांनी येते तेव्हा तिचा जोर सारखा नसतो. दुसरी कड्यावर कितीतरी वर चढते. बिले देणाऱ्याला, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणाऱ्याला, ओल्या रेषेच्या बऱ्याच वर अँकरला बांधा. लाटांच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, त्यामुळे दोराचे झटके किंवा वॉकीटॉकी यांचे संकेत खाली जाण्याआधी ठरवा.

पाणी आहे म्हणजे पडलं तरी चालतं, असं मानणं

दोराशिवाय पाण्यावर चढताना १० मीटरवरून पडलात तर पाण्याला टेकताना वेग ताशी सुमारे ५० किलोमीटर असतो. खोली वरून नजरेने ठरवू नका. ओहोटीला खाली पोहत जाऊन, वजन बांधलेल्या दोरीने मोजा आणि बुडालेले खडक शोधा. पाय खाली, शरीर सरळ, हात अंगाशी असं पडा. पाण्यातून बाहेर यायची जागा आधी पोहून तपासा, कारण लाटेत ओल्या खडकावर चढणं मूळ मार्गापेक्षा अवघड जातं. एकट्याने कधीही नाही.

घरची सरावाची भिंत

प्लायवूड मरीन दर्जाचा, नट-बोल्ट स्टेनलेसचे. घरात तुटलं तरी खाली गादी असते, त्यामुळे इथे स्टेनलेस ठीक. भिंतीच्या मागे हवा खेळायला जागा सोडा, नाहीतर बुरशी येते.

पक्ष्यांच्या विणीचा काळ विसरणं

समुद्रपक्षी आणि बहिरी ससाणे कड्यांवरच घरटी करतात, त्यामुळे अनेक किनाऱ्यांवर विणीच्या हंगामात काही भाग चढाईला बंद असतात. ब्रिटनमध्ये पेंब्रोकच्या चुनखडी कड्यांवर अशी हंगामी बंदी वर्षानुवर्षं पाळली जाते. कोणता भाग कधी बंद हे दर वर्षी नव्याने तपासा, घरट्यांच्या जागेप्रमाणे सीमा बदलतात. फलक नसला तरी पक्षी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागला तर त्याच जागेवरून उतरा. घरटं जवळ आहे, आणि पिल्लं उघडी पडली तर उन्हाने किंवा शिकारी पक्ष्यांमुळे थोड्याच वेळात दगावू शकतात.