परदेशातून इथला आरोग्य विमा रद्द करताय? या चुका टाळा

परदेशात नोकरी लागली, तिथला विमा सुरू झाला, की भारतातल्या मेडिक्लेमचा हप्ता खुपायला लागतो. तो बंद करणं तसं सोपं आहे. इर्डाईच्या (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामक संस्थेच्या) २०२४च्या नियमांनुसार सात दिवसांची लेखी सूचना दिली की पॉलिसी मध्येच रद्द करता येते. गोंधळ होतो तो भलत्याच ठिकाणी.

आत कोण कोण आहे, हे न बघणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. प्रपोजर म्हणून, म्हणजे पॉलिसी घेणारा म्हणून नाव तुमचं, पण त्याच फॅमिली फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या कुटुंबाच्या एकत्र पॉलिसीत, आई-वडीलही असतात. पॉलिसी रद्द केली की त्यांचंही संरक्षण गेलं. सत्तरीतल्या, मधुमेह असलेल्या माणसाला नवी पॉलिसी मिळणंच कठीण. मिळाली तरी जुन्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं आणि ६० महिन्यांचा मोरॅटोरियम (जो संपल्यावर, फसवणूक सोडली तर, माहिती लपवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही) पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो. त्यापेक्षा नूतनीकरणाच्या वेळी फक्त आपलं नाव कमी करून घ्या आणि प्रपोजर बदलता येतो का ते विचारा. फ्लोटरचा हप्ता बहुधा सगळ्यात ज्येष्ठ सदस्याच्या वयावर ठरतो, तेव्हा तुम्ही बाहेर पडून फार पैसे वाचतील अशी आशा मात्र ठेवू नका.

क्लेम झालेला असताना रिफंडची वाट बघणं

एका वर्षाच्या पॉलिसीत उरलेल्या दिवसांचा हप्ता परत मिळतो, पण त्या मुदतीत क्लेम झालेला नसेल तरच. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन याच पॉलिसीतून झालं असेल आणि वर्षाचा हप्ता भरून झाला असेल, तर मध्येच रद्द करून हाती काहीच लागत नाही. मुदत संपू द्या. तोवर सुट्टीत भारतात आलात तर तीच पॉलिसी उपयोगी पडेल. पॉलिसी नुकतीच नव्याने घेतली असेल आणि ती नको असेल, तर कागद हाती आल्यापासून ३० दिवसांचा फ्री-लुक काळ असतो, त्यात ती परत करता येते.

जुना नंबर, जुनं खातं

ओटीपी जातो भारतातल्या बंद पडलेल्या सिमवर, आणि रिफंड जातो कधीच बंद केलेल्या बचत खात्यात. अनिवासी झाल्यावर बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं) करून घ्यावं लागतं. नवा तपशील, रद्द केलेला चेक आणि चालू ईमेल कंपनीकडे आधी नोंदवा, मगच अर्ज करा. एजंटला व्हॉट्सॲपवर कळवलं म्हणजे सूचना दिली असं धरून चालू नका. अर्ज थेट कंपनीला ईमेलने पाठवा आणि पोच मागा.

रद्द झाल्याचं पत्र आलं की बँकेतला ऑटो-डेबिटही बंद करा.

पैसे अडकले तर

१८०० ने सुरू होणारे नंबर परदेशातून अनेकदा लागत नाहीत, त्यामुळे सगळं लेखीच करा. आधी कंपनीचा तक्रार विभाग, मग इर्डाईचं तक्रारींसाठीचं बीमा भरोसा पोर्टल. विमा लोकपालाकडे जायचं तर आधी कंपनीला लेखी तक्रार करून उत्तरासाठी एक महिना द्यावा लागतो, म्हणून त्या पहिल्या ईमेलची तारीख जपून ठेवा.